विस्फोटाचा इलाज आणि धाराशिवचा मुलूख

तुळजापुराहून सोलापूर सुमारे ४५ किलोमीटर आणि हैदराबाद २५० किलोमीटरांहून अधिक; तरीही १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तुळजापूरच्या रयतेची राजधानी हैदराबाद होती आणि सोलापूर हा परमुलूख होता. सरकारी दप्तर उर्दूत, जिल्ह्याचा मुख्य अंमलदार अव्वल तालुकदार, सुभा गुलबर्ग्याचा, आणि इंग्रजी मुलखाच्या सरहद्दीवर करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके, अशी त्या काळची व्यवस्था होती. या राजकीय भूगोलाचा परिणाम शेतसाऱ्यावर, शिक्षणावर आणि भाषेवर काय झाला याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच झाले. परंतु व्याधी जडल्यानंतर येथील माणूस कोणत्या गावी, कोणाच्या दारी आणि कोणत्या आशेने गेला, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. तो विचार एका दुर्मीळ परंतु अत्यंत क्लेशदायक अशा त्वचारोगाच्या निमित्ताने येथे करावयाचा आहे. कारण या व्याधीत औषधाचा इतिहास आणि औषधापर्यंत पोहोचणाऱ्या वाटेचा इतिहास हे एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत.

व्याधीचे शास्त्रीय नाव पेम्फिगस. चांगल्या, निरोगी दिसणाऱ्या कातडीवर पाण्याने भरलेले मऊ फोड उठतात, ते थोड्याच अवधीत फुटतात, आणि त्यांच्या जागी सोललेली, ओलसर, आग होणारी जखम उरते. ती भरून येण्यापूर्वी शेजारी दुसरा फोड उठलेला असतो. फोडालगतच्या कातडीला बोटाने किंचित रेटा दिला तरी वरचा पापुद्रा सरकून निघतो, हे लक्षण पियोतर निकोल्स्की या रशियन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले, आणि आजही त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेपाशी प्रथम तेच पाहतात. पुष्कळ रुग्णांत मात्र आरंभ अंगावर होतच नाही. तो तोंडात होतो, आणि कित्येक महिने तोंडातच राहतो. गालाच्या आतील बाजूस, टाळूस, हिरड्यांस जखमा होतात, त्या भरत नाहीत, आणि गिळताना घसा जळतो. ज्या मुलखाचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी आणि तिच्याबरोबरचा मिरचीचा ठेचा, त्या मुलखात या अवस्थेचा अर्थ काय होतो हे निराळे सांगावयास नको. भाकरी दुधात कुस्करून, मग नुसती आंबील, मग ताक, आणि शेवटी गार पाण्याचा घोटही नकोसा, अशा पायऱ्यांनी रुग्णाचे अन्न तुटत जाते आणि फोडांपूर्वी उपासमारच त्याला क्षीण करते.

आपल्याकडे याला ‘तोंड आले’ म्हणतात आणि त्याचे कारण अंगातील उष्णता असे समजतात. त्यावरचे उपचारही ठरलेले असत: जाईचा पाला चघळावा, कात लावावा, तुरटीच्या पाण्याच्या गुळण्या कराव्यात, सब्जा आणि गुलकंद पोटात द्यावा. नेहमीच्या तोंड येण्यावर हे उपाय निरुपद्रवी आहेत आणि काही अंशी सुखदही आहेत. परंतु ज्या जखमा मुळात उष्णतेच्या नाहीतच त्यांच्या बाबतीत या उपायांनी एकच गोष्ट साधली जाई, ती म्हणजे कालहरण. पुढे अंगावर फोड उठले म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी दोन शक्यतांचा विचार करीत. फोड एका बाजूला पट्ट्यासारखे असतील तर नागीण, आणि तिचे तोंड व शेपूट जुळले म्हणजे माणूस वाचत नाही ही सार्वत्रिक भीती. फोड सर्वांगावर असतील तर देवी.

देवीचा समज या प्रांतात विशेष दृढ असावा यात नवल नाही. तुळजाभवानीचे ठाणे ज्या जिल्ह्यात, जेथे आराधी आणि पोतराज गावोगाव फिरत आलेले, जेथे प्रत्येक शिवेवर मरीआईचे देऊळ, तेथे अंगावर उठलेला फोड हा प्रथम दैवताचा संचार मानला जाणे स्वाभाविक होते. घरात देवी आल्या म्हणजे दाराला लिंबाचे डहाळे बांधीत, स्वयंपाकात फोडणी देत नसत, रुग्णाला लिंबाच्या पाल्यावर अथवा केळीच्या पानावर निजवीत, आणि चपला घालून कोणी त्याच्या खोलीत जात नसे. या आचारांतील श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी त्यांत शुश्रूषेचे जे शहाणपण होते ते मान्य केलेच पाहिजे. सोललेल्या अंगाला सुती चादर चिकटते आणि काढताना नवे रक्त काढते. केळीचे पान चिकटत नाही, थंड राहते, आणि ओल धरून ठेवते. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानांची पट्टी वापरून तिचे परिणाम २००३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि ती पट्टी स्वस्त, सुलभ व काढताना वेदना न देणारी असल्याचे दाखविले. पेम्फिगसच्या रुग्णासाठीही आपल्या देशातील अनेक रुग्णालयांतून ती वापरली जाते. आजीबाईंच्या हाती असलेले हे साधन रुग्णालयात परत आले, याचे समाधान मला अन्य कोणत्याही नव्या शोधाइतकेच वाटते.

मात्र देवीच्या रोग्याची परिणती आणि पेम्फिगसच्या रोग्याची परिणती यांत महदंतर होते. देवी दोन-तीन आठवड्यांत एकतर उतरत किंवा माणसाला घेऊन जात; पेम्फिगसचे फोड उतरतच नसत. महिना गेला, दोन महिने गेले, ओटी भरून झाली, नवस बोलून झाला, तरी फोड नवे नवे येत राहिले म्हणजे गावाची करुणा हळूहळू संशयात बदले, आणि महारोगाचा शब्द दबक्या आवाजात उच्चारला जाई. ही व्याधी एकाची दुसऱ्याला लागत नाही. स्पर्शाने नाही, ताटातून नाही, अंथरुणातूनही नाही. परंतु ते सांगणारे कोणी नसल्यामुळे कित्येकांचे अखेरचे दिवस गोठ्यालगतच्या खोपटात गेले असतील. देवीचा रोगच १९७५ नंतर हिंदुस्थानातून नाहीसा झाला, आणि त्याबरोबर फोडाला दैवत मानण्याची सवयही बरीचशी सुटली. संसर्गाची भीती मात्र अद्याप पुरती गेलेली नाही.

वैद्यांच्या ग्रंथांतून अशा फोडांचे वर्णन नव्हते असे नाही. चरकाने क्षुद्रकुष्ठांत विस्फोटाची गणना केली आहे, आणि माधवनिदानात विस्फोटाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे, तोही मसूरिकेहून, म्हणजे देवीहून, वेगळा. त्या अध्यायातील सर्वच फोड आजच्या पेम्फिगसचे होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु अंगावर फोड आणणाऱ्या व्याधी अनेक आहेत आणि त्या सर्व देवी नव्हेत, इतका विवेक त्या ग्रंथकारांजवळ होता, हे नमूद करण्याजोगे आहे. उपचारांत शोधन, रक्तमोक्षण, कडू काढे, आणि बाहेरून शतधौत घृत. हे शेवटचे औषध तयार होताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्यामागील चिकाटीची कल्पना येईल. तांब्याच्या ताटात गाईचे तूप घ्यावयाचे, त्यात थंड पाणी घालून तांब्याच्या गडव्याच्या बुडाने ते गोल गोल घोटावयाचे, पाणी गढूळ झाले की ओतून द्यावयाचे, पुन्हा नवे पाणी. असे शंभर वेळा. तुपाचा पिवळा रंग जातो, वास जातो, दाणा मोडतो, आणि शेवटी हाती येते ते लोण्याहून पांढरे, बोटावर वितळणारे, गार मलम. हकिमांजवळही मरहमांचे अनेक प्रकार असत आणि निजामी अमलात युनानी वैद्यकाला राजाश्रय असल्यामुळे त्यांचा बोलबालाही मोठा होता. या लेपांनी आग शमे, खपली मऊ पडे, रुग्णाला रात्री डोळा लागे. व्याधीची गती मात्र त्यांच्याने थांबत नसे, कारण व्याधीचे मूळ कातडीत नव्हतेच.

आता त्या सरहद्दीकडे वळावयाचे. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, जो पूर्वी नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जाई, हा इंग्रजी मुलखाशी गुंतलेला होता. त्यातील काही तालुके दिवाणीचे, म्हणजे थेट सरकारी अमलाखालचे, काही सर्फ-ए-खासचे, म्हणजे खुद्द निजामाच्या खासगीकडचे, आणि काही पायगा अमिरांचे. त्यामुळे दवाखाना कोणी काढावा, डॉक्टराचा पगार कोणी द्यावा, या प्रश्नांची उत्तरे एका कचेरीत मिळत नसत. राजधानीत व्यवस्था उत्तम होती हे निर्विवाद आहे. १९०८ साली मुशी नदीच्या महापुरात अफझलगंजचे जुने रुग्णालय उद्ध्वस्त झाल्यानंतर त्याच नदीकाठी व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून १९२५ च्या सुमारास उस्मानिया रुग्णालयाची भव्य वास्तू उभी राहिली. ज्या मीर उस्मान अली खानांच्या नावाने धाराशिवचे उस्मानाबाद झाले त्यांचेच नाव या रुग्णालयासही मिळाले. पुढे उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोगही झाला, जो देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याच्या दृष्टीने खरोखरच मोलाचा होता. परंतु उमरग्याच्या अथवा भूमच्या कुणब्याची भाषा उर्दू नव्हती, आणि अंगावर वस्त्र सहन न होणाऱ्या रोग्याने बैलगाडीतून व मोटारीतून शेकडो किलोमीटरांचा प्रवास करणे ही कल्पनाच दुःसह होती.

त्यापेक्षा जवळची वाट पश्चिमेची होती. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभारलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली बार्शीला पोहोचली आणि १९११ साली येडशी, तेर या बाजूने लातूरपर्यंत गेली. दुसऱ्या टोकाला ती १९२७ साली पंढरपुराहून मिरजेस जाऊन मिळाली. याचा अर्थ असा की, संत गोरोबाकाकांच्या तेरचा माणूस अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून, मंदगतीने का होईना, थेट मिरजेस जाऊ शकत होता; आणि मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली स्थापन केलेले मिशनचे रुग्णालय होते, ज्याची कीर्ती त्या काळी दक्षिण महाराष्ट्रापासून निजामी मुलखापर्यंत पसरलेली होती. या चिमुकल्या गाडीने मराठवाड्याच्या आरोग्यासाठी जे केले त्याची नोंद रेल्वेच्या इतिहासात कापसाच्या गाठींच्या मानाने फारच थोडी झाली आहे.

येथे एक गोष्ट निःसंकोचपणे सांगितली पाहिजे. पेम्फिगसच्या रोग्याला त्या काळी हैदराबादेत, मिरजेत, मुंबईत, किंवा खुद्द व्हिएन्ना-लंडनमध्येही बरे होण्याची आशा नव्हती. जोनाथन हचिन्सनसारखा नामांकित इंग्रज वैद्य सोमल देत असे; व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्राने अशा रुग्णांना दिवसेंदिवस कोमट पाण्याच्या टाकीत ठेवण्याची युक्ती काढली होती, जिच्यामुळे वेदना कमी होत; क्विनाइन झाले, रक्त चढविणे झाले. तरीही बहुसंख्य रुग्ण एक ते पाच वर्षांत दगावत, कोणी अंगातून पाणी व प्रथिने झरून, कोणी जखमांत पू होऊन. निजामी सरहद्दीने धाराशिवच्या रोग्याचा प्रवास कठीण केला, त्याचा अपमान केला, त्याला परक्या भाषेत आपले दुःख सांगावयास लावले. परंतु या एका व्याधीपुरते पाहता तिने त्याचे औषध अडवून धरले असे म्हणता येत नाही, कारण औषध सरहद्दीच्या कोणत्याच बाजूला नव्हते.

आणि मग १९४८ चा सप्टेंबर आला. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, सोलापूरकडून निघालेली मुख्य तुकडी पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेऊन पुढे गेली, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर चारच दिवसांनी, २१ सप्टेंबरला, अमेरिकेतील रोचेस्टर येथे डॉ. फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोनचे पहिले इंजेक्शन दिले, आणि काही दिवसांतच ती अंथरुणातून उठून चालू लागली. एडवर्ड केंडॉल यांनी अधिवृक्क ग्रंथीतून वेगळ्या केलेल्या या द्रव्याने वैद्यकाचे एक नवे पर्व सुरू झाले. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. आणि थोड्याच अवधीत पेम्फिगसच्या रुग्णांवरही त्याचा प्रयोग होऊन, जे फोड कशानेच थांबत नव्हते ते थांबू लागले. या दोन घटनांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही; तरीही या जिल्ह्यातील रोग्याच्या दृष्टीने, वाट आणि औषध ही दोन्ही एकाच आठवड्यात मोकळी झाली.

मोकळी झाली, परंतु हाती आली नाहीत. कॉर्टिसोन दुर्मीळ व महाग होते. १९५५ साली प्रेडनिसोलोन निघाले, त्याच्या गोळ्या पुढे देशात तयार होऊ लागल्या, आणि साठीच्या दशकापासून ते सामान्यांच्या आवाक्यात आले. त्याबरोबर दुसरे संकटही आले. फोड थांबविण्यासाठी फार मोठ्या मात्रेत, महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्या लागत. त्यांनी चेहरा सुजून गोल होई, मधुमेह जडे, हाडे ठिसूळ होत, दबलेला क्षय उफाळून येई. आणि गोळी एकाएकी सोडली तर शरीराची स्वतःची ग्रंथी निद्रिस्त झालेली असल्यामुळे रुग्ण कोसळे. पूर्वी रोगी व्याधीने जात, आता त्यांतील काही औषधाने जाऊ लागले; तरीही मृत्यूचे प्रमाण कित्येक पटींनी उतरले हे खरे. १९५३ साली वॉल्टर लीव्हर यांनी दाखवून दिले की, ज्याला आजवर सरसकट पेम्फिगस म्हणत त्यात दोन व्याधी मिसळलेल्या आहेत: एक ही, आणि दुसरी पेम्फिगॉइड, जी बहुधा म्हाताऱ्या माणसांना होते, जिचे फोड ताठ असतात, आणि जी तुलनेने सौम्य असते. मुंबईतही याच काळात या विषयाचा नेटाने अभ्यास होत होता. फर्नांडिस, धारणी आणि देसाई यांनी पेम्फिगसच्या शंभर रुग्णांचा अभ्यास १९७० साली प्रसिद्ध केला.

व्याधीचे मूळ कोठे आहे हे १९६४ साली अर्न्स्ट ब्यूटनर व रॉबर्ट जॉर्डन यांनी दाखविले. रोगजंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्ये निर्माण करते त्यांतील काही, या रुग्णांत, स्वतःच्याच कातडीवर चालून जातात. कातडीच्या पेशी एकमेकींना ज्या प्रथिनांनी बिलगून असतात, ज्यांची नावे पुढे डेस्मोग्लीन १ आणि ३ अशी निश्चित झाली, नेमक्या त्यांच्यावर हा हल्ला होतो. नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहालाचे चिरे जागच्या जागी शाबूत असावेत, परंतु त्यांच्या दरजांतील चुनाच विरघळून पाणी आत शिरावे, तसे हे होते. पेशी मरत नाहीत, केवळ सुटतात; आणि ही सुटण्याची क्रिया कातडीच्या वरच्या थरांत होत असल्यामुळे, व्याधी आटोक्यात आली म्हणजे जखमा व्रण न ठेवता भरतात. काळसर डाग राहतात, तेही काही महिन्यांनी फिके होतात.

इकडे धाराशिवच्या माणसासाठी शहरे जवळ येत होती. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६३ साली सोलापुरास डॉ. वैशंपायन यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले. सत्तरीच्या दशकात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ज्यांनी निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याचे नेतृत्व केले त्या संन्याशाचे नाव मराठवाड्यातील एका रुग्णालयाला मिळावे यात औचित्य आहे. एस. टी.च्या लाल गाडीने तुळजापुराहून सोलापूर तासा-दीड तासाचे झाले.

आणि त्याच सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी अशी उपचारपद्धती बसविली की, जिच्यामुळे ही जवळ आलेली शहरे खऱ्या अर्थाने कामी आली. १९८४ साली त्यांनी व डॉ. रामजी गुप्ता यांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड रोज थोडे थोडे देण्याऐवजी १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन अर्धा लिटर ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळून दोन तासांत शिरेतून द्यावयाचे, असे लागोपाठ तीन दिवस, आणि त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडही. मग घरी जावयाचे, रोज सायक्लोफॉस्फमाइडचीच एक लहान गोळी घ्यावयाची, आणि अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा यावयाचे. फोड पूर्णपणे थांबेपर्यंत हे चालवावयाचे. थांबल्यानंतरही नऊ महिने न चुकता चालवावयाचे. मग सलाइन बंद करून नऊ महिने नुसती गोळी. आणि त्यानंतर औषध पूर्ण बंद. ज्यांना अद्याप मूल हवे आहे त्यांना सायक्लोफॉस्फमाइडऐवजी अॅझाथायोप्रिन, कारण पहिल्याने वंध्यत्व येऊ शकते. औषधे जुनी, स्वस्त, कोठेही मिळणारी. लागणारी सामग्री म्हणजे खाट, सलाइनचा स्टँड आणि जागरूक परिचारिका. पाश्चात्त्य देशांनी ही पद्धत फारशी स्वीकारली नाही. भारतात मात्र ती वैद्यकीय महाविद्यालयांतून सर्वत्र रूढ झाली, आणि तिने हजारो माणसे कामावर परत पाठविली. गरीब देशातील रुग्णाची परिस्थिती पुरती ओळखून केलेले वैद्यक कसे असते याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

रुग्ण तिला ‘पल्स’ म्हणतात. ‘या महिन्याची पल्स झाली का, मावशी?’ हा प्रश्न त्वचारोग विभागाच्या व्हरांड्यात नित्य ऐकू येतो. सकाळी वजन, रक्तदाब, साखर, लघवीची तपासणी. छातीच्या फोटोत क्षयाची शंका असेल तर सलाइन लांबणीवर. सिस्टर मोठ्या फोडाला खालच्या कडेशी निर्जंतुक सुईने टोचतात आणि पाणी वाहू देतात, परंतु वरचा पापुद्रा काढीत नाहीत, कारण तोच जखमेचे सर्वांत चांगले आच्छादन असतो. ओल्या भागावर पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्याच्या घड्या ठेवतात. सलाइन चालू असताना चेहरा तापून लाल होतो, तोंडाला धातूची चव येते, कोणाला उचक्या लागतात, रात्री झोप उडते. तीन दिवसांनी मंडळी एस. टी.ने गावी परततात.

हा प्रवास दर अठ्ठावीस दिवसांनी, फोड थांबेपर्यंत आणि त्यानंतरही नऊ महिने. येथेच या जिल्ह्याचे दुसरे वास्तव आडवे येते. कळंब, भूम, वाशी या भागांतून दसरा-दिवाळीनंतर माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि फडावर एक दिवस गैरहजर राहिले तरी खाडा पडून पैसे कापले जातात. नोव्हेंबर ते मार्च पल्स चुकते, फोड परत येतात, आणि नऊ महिन्यांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. बाईच्या डोक्यावर मोळीखालची चुंबळ जेथे घासते तेथेच, केसांत, पहिली जखम उघडते. निजामी सरहद्द गेली, रस्ता झाला, औषध स्वस्त झाले, आणि तरीही बरे होणे उचलीच्या हिशेबात अडकून राहिले. ही खंत कोणा एका खात्याची नव्हे, समाजाची आहे.

नव्या शतकात आणखी एक औषध आले, रिटुक्सिमॅब. प्रतिद्रव्ये बनविण्याच्या मार्गावर असलेल्या पेशींनाच ते निवडून नष्ट करते. फ्रान्समधील पास्कल जोली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ते अल्प स्टेरॉइडबरोबर घेतलेल्या रुग्णांपैकी ८९ टक्के दोन वर्षांअखेर औषधाविना व्याधिमुक्त होते, नुसत्या स्टेरॉइडवरच्यांपैकी ३४ टक्के. २०१८ साली अमेरिकेत या व्याधीसाठी त्याला मान्यता मिळाली. पंधरा दिवसांच्या अंतराने एकेक ग्रॅमच्या दोन मात्रा, आणि मग बराच काळ केवळ तपासण्या. म्हणजे उसाच्या फडावर जाणाऱ्या माणसाला ज्याची सर्वांत अधिक गरज ते हेच. अडचण किमतीची होती, आणि ती काही अंशी दूर केली हैदराबादने: डॉ. रेड्डीज या कंपनीने २००७ साली याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. पेम्फिगॉइडच्या वृद्ध रुग्णांना तर पुष्कळदा इतकेही लागत नाही. तीव्र स्टेरॉइडचे मलम अंगभर नियमाने लावल्याने त्यांचे फोड आवरतात, हेही जोली यांनीच २००२ साली सिद्ध केले होते.

धाराशिवला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२२ साली सुरू झाले, आणि अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार करण्याचे काम त्यापूर्वीच केलेले आहे. आता वाट लांब राहिलेली नाही. ज्या घरात कोणाचे तोंड तीन आठवड्यांपलीकडे आलेले असेल आणि जखमा भरत नसतील, त्यांनी जाईचा पाला बाजूस ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि जखमेच्या कडेचा लहानसा तुकडा तपासून घ्यावा. निदान झाल्यावर रुग्णाला वेगळे ताट, वेगळे अंथरूण देऊ नये. आणि फोड थांबले म्हणून चालू गोळी आपल्या मनाने एक दिवसही बंद करू नये. मुकादमांना आणि कारखानदारांना एवढीच विनंती की, ज्या कोयत्यातील माणसाची पल्स चालू असेल त्याचे ते तीन दिवस खाड्यात धरू नयेत.